एका दमाची ओळ

त्याला सगळे इस्त्रीमामा म्हणतात. खरं नाव कागदोपत्री कुठंतरी असेलच, पण त्या नावानं हाक मारली तर तो स्वतःच मागं वळून बघेल, कुणाला बोलावतायत म्हणून. मामा हे नाव भाचीनं दिलं आणि इस्त्री हे कामानं. गाणाऱ्यांनी गाऊन मोकळं व्हायचं आणि मग यानं स्टुडिओतल्या काचेच्या अलीकडं बसून त्या आवाजावरच्या सुरकुत्या काढायच्या. कुणाचा सूर केसभर खाली बसलाय, तो उचलायचा. कुणाची खुर्ची करकरली, कुणी ओळीच्या तोंडाशी घसा खाकरला, ते पुसायचं. आणि श्वास कापायचे. मुख्य काम तेच. माणूस गातो म्हटल्यावर श्वास घेणारच, पण बाहेर विकत घेऊन ऐकणाऱ्याला तो ऐकू येता कामा नये, असा या धंद्याचा दंडक.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं मोठं? मोठं काहीच नाही. पण श्वास कापावा आणि कापल्याचं कळू नये, हे एकदा करून बघा. अर्ध्या लोकांचं गाणं बोळा कोंबल्यासारखं होतं. मामाचं व्हायचं नाही.

कच्च्या गाण्याची भलावण करणारे लोक त्याला भेटत. "मामा, जे आहे ते तसंच ठेवा, त्यात खरेपणा असतो," असं म्हणत. मामा म्हणायचा, "घरात माणूस बनियनवर बसतो, तेही खरंच असतं. म्हणून त्याला तसाच लग्नाला न्यायचा का?" यावर लोक हसून मान डोलवत. फक्त मामी सोडून. मामी म्हणायची, "यांच्याशी बोलताना मी मध्ये श्वाससुद्धा घेत नाही हो. तेवढ्यात माझं वाक्य कापून मोकळे होतात."

स्टुडिओ एका इमारतीच्या तळघरात आहे. दोन खोल्या, मध्ये जाड काच. आतल्या खोलीत गाणारे-वाजवणारे, बाहेरच्या खोलीत मामा, त्याची यंत्रं आणि हातांवरचं रेक्झिन उडालेली त्याची खुर्ची. यंत्रांजवळ चहा आणायचा नाही अशी पाटी भिंतीवर आहे आणि पाटीखालच्याच फळीवर कपांचे गोल डाग आहेत. ते सगळे मामाच्याच कपाचे.

या तळघरात मामाला आणलं त्याच्या थोरल्या बहिणीनं. तिला सगळे अक्का म्हणायचे, तिच्या गाण्याच्या तबकडीवर छापलेलं नाव काही का असेना. अक्का एके काळी फार मोठी गायिका होती. फार मोठी म्हणजे, केशकर्तनालयात, टॅक्सीत, शेजारणीच्या खिडकीत, जिथं जाल तिथं अक्का. आणि त्यातही एक गाणं. निरोपाचं गाणं होतं ते. दोन कडवी झाली की सगळी वाद्यं गप्प बसायची आणि एकट्या आवाजात एक लांबच लांब ओळ यायची. कुठंही न थांबता, एका दमात. लोक ती ओळ ऐकताना स्वतःचा श्वास रोखून धरायचे. तरणीताठी पोरं पैजा लावून म्हणायला जायची आणि लालबुंद होऊन खोकत बसायची. एका वर्तमानपत्रानं तर विचारलं होतं, या बाईंना फुफ्फुसं आहेत तरी किती?

दोनच होती. आणि खरी गोष्ट अशी की ती ओळ एका दमात कुणी गायलीच नव्हती.

अक्कानं ती ओळ तीन तुकड्यांत गायली होती. मध्ये दोनदा श्वास घेतला होता, तोही चांगला खणखणीत, जिना चढून आल्यासारखा. मामा तेव्हा नवशिका. त्यानं टेपवर खडूनं खुणा केल्या, ब्लेडनं दोन्ही श्वास कापले आणि तुकडे चिकटपट्टीनं जोडले. संगीतकारानं ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि म्हणाला, "हे असंच राहू दे." तिथून मामाचा धंदा बसला आणि अक्काचं नाव झालं. अक्कानं त्याला एकदाच सांगितलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कळलं?" मामाला कळलं. न्हाव्यानं गिऱ्हाइकाचं टक्कल गावभर सांगत फिरू नये, एवढी अक्कल त्याला होती.

मग कार्यक्रमांत कसं निभावलं, असं विचाराल तर अक्का काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. ओळ जवळ आली की ती हसून माइक लोकांकडं वळवायची. लोक खूश! हजार तोंडांनी ओळ म्हणायचे, जो तो आपापल्या सोयीनं श्वास घ्यायचा. सगळ्यांना वाटायचं, काय मन आहे बाईंचं, स्वतःची सगळ्यात मोठी ओळ आपल्याला देऊन टाकतात.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते छोटीचं.

छोटी म्हणजे अक्काची एकुलती एक मुलगी. आता मोठी बाई झालीये, पण घरात आणि तळघरात ती छोटीच. लहानपणी गोड गायची. कुणाकडं शिकली म्हणाल तर आईच्या तबकड्यांकडं. आई दौऱ्यावर आणि पोरगी तबकडीसमोर. आई घरी असली की म्हणायची, "बाहेर तेच गायचं आणि घरीही तेच? नको गं बाई." म्हणून ते गाणं छोटीनं आईच्या तोंडून समोरासमोर कधी ऐकलं नाही. ऐकलं ते मामानं इस्त्री केलेलं.

शाळेच्या कार्यक्रमात तिनं तेच गाणं घेतलं. सगळं छान चाललं होतं. ओळ आली, अर्ध्यावर गेली आणि पोरीचा दम तुटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, लहान आहे म्हणून. त्या टाळ्या तिला जास्त लागल्या. घरी आल्यावर अक्का तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "होईल सरावानं."

मामा तिथंच बसला होता. सरावानं होईल! जे जगात कुणाला होण्यासारखं नव्हतं ते. त्यानं अक्काकडं पाहिलं, अक्कानं खिडकीबाहेर पाहिलं. मामा मूग गिळून बसला.

मग छोटीनं काय काय केलं नाही! पोहायला लागली. जिने चढता-उतरता गायची. मेणबत्तीसमोर बसून, ज्योत हलू न देता, एका श्वासात आकडे मोजायची. काही वर्षं हे चाललं, आणि एके दिवशी तिनं सांगितलं की आपण आता गाणार नाही. "माझ्यात ते नाहीये मामा. आईत होतं, माझ्यात उतरलं नाही. संपलं." रडली नाही, भांडली नाही. काचेच्या या बाजूला आली, मामाच्या हाताखाली काम शिकली आणि पुढं स्वतःच गाणी बसवायला लागली. हुशार निघाली. फक्त गुळगुळीत केलेल्या गाण्याचा तिला राग. तिच्या गाण्यांत पाऊस वाजला तरी चालायचा, दार वाजलं तरी चालायचं. मामा चिडवायचा, "तुझ्या गाण्यात एकदा दूधवालाही येऊन जाईल." ती म्हणायची, "येऊ दे. माणूसच आहे." कुणाच्या आवाजातला श्वास कापायला सांगितला की तिचा चेहरा बदलायचा, आणि का बदलतो ते तिला माहीत नव्हतं. मामाला माहीत होतं.

तर परवा-परवाची गोष्ट. छोटीच्या डोक्यात आलं की आईच्या आवाजात ते गाणं पुन्हा करायचं. एका खोलीत सगळ्यांनी एकदम बसायचं, ती स्वतः पियानोवर, शेजारी म्हातारे व्हायोलिनवाले काका आणि मध्ये आई. एकदाच गायचं. जे येईल ते ठेवायचं, काही कापायचं नाही.

अक्का बरीच वर्षं गायली नव्हती. नाही म्हणेल असं वाटलं होतं, पण बाई हो म्हणाली. लेकीनं काही मागितलं असं फार वेळा झालं नव्हतं ना. मात्र मामाला बाजूला घेऊन म्हणाली, "नंतर तू बघशील ना रे? मधल्या ओळीचं?"

"बघेन की."

पाठोपाठ छोटी आली. "मामा, शपथ घे. हात लावायचा नाही."

"नाही लावत बाई."

दोन्ही डगरींवर हात ठेवणारा माणूस शेवटी पाण्यात पडतो, हे मामाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण बहिणीला नाही म्हणवेना आणि भाचीलाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

गाणं झालं. अक्काचा आवाज आता जाड झालाय, वरच्या सुरांना थोडा कापतो. पण काय गायली! व्हायोलिनवाले काका वाजवता वाजवता डोळे पुसायला लागले आणि त्यांचा एक सूर राहूनच गेला. मग ती ओळ आली. जुन्या गाण्यात तिथं वाद्यं गप्प असायची. छोटीनं आता ओळीखाली पियानो ठेवला होता, आईला आधार म्हणून. अक्कानं ओळ उचलली, मध्ये श्वास घेतला, पुढं गेली, परत श्वास घेतला आणि ओळ पोचवली. संपल्यावर ती कुणाकडं न बघता पर्स शोधायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा एकटाच तळघरात बसला आणि शपथ मोडायला घेतली. अक्काच्या माइकमधले दोन्ही श्वास पुसले, सूर उचलले, तुकडे जोडले. कंप्युटरवर हे डाव्या हाताचं काम. मग सगळं एकत्र लावून ऐकलं आणि त्यानं कपाळाला हात लावला.

एका खोलीत सगळे बसले होते ना. पियानोच्या माइकनं पियानोबरोबर अक्कालाही ऐकलं होतं. व्हायोलिनच्या माइकनंही ऐकलं होतं. तिथला श्वास कापावा तर पियानोचाही तुकडा कापला जातो. न कापावा तर पुढं इस्त्री केलेली अक्का दम न घेता गातेय आणि तिच्या मागं, जरा लांबून, दुसरी अक्का थांबतेय, श्वास घेतेय, कापऱ्या सुरात पुढं जातेय. दोन अक्का. मामानं नाना उपाय केले. नाकी नऊ आले. मागची अक्का काही जाईना.

मग त्यानं पुढची बंद केली, आणि नुसती मागची ऐकली. पियानोच्या आड, खोलीच्या त्या टोकाला बसलेली. इतकी वर्षं त्यानं बहिणीचा आवाज कानाला यंत्र लावून, अगदी तोंडाजवळून ऐकला होता, चुका शोधत. असा, खोलीत बसून ऐकल्यासारखा, कधी ऐकलाच नव्हता. त्याला एकदम फार वाईट वाटलं. कशाचं, ते लगेच सांगता आलं नसतं.

त्यानं अक्काला फोन केला. "जमत नाहीये."

"जमत नाही म्हणजे? तेव्हा ब्लेडनं जमलं आणि आता एवढ्या यंत्रांत जमत नाही?"

"तेव्हा तू एकटी होतीस टेपवर. आता छोटी आहे सोबत. तिला कापल्याशिवाय तुझा श्वास कापता येत नाही."

अक्का म्हणाली, "तिला सांग, रेकॉर्डिंग बिघडलं. आपण रद्द करू."

"अक्का, काल तू गेल्यावर ती काय म्हणाली माहितीये? म्हणाली, 'आईचा दम वयानं गेला रे मामा. माझा तर तरुणपणीच नव्हता.' हसत म्हणाली. मला तिच्याकडं बघवेना. आता तरी सांगून टाक तिला."

"आणि माझं काय राहतं मग?" अक्का एकदम कडाडली. "आवाज गेला, कार्यक्रम गेले. रस्त्यात माणसं थांबवतात ती त्या ओळीसाठी. बाई, काय ती ओळ! तेवढंच उरलंय माझ्याजवळ. तेही काढून घे."

"ती ओळ तुझी नाहीये अक्का. ती माझ्या ब्लेडची आहे. तुझी कालची होती."

फोन बंद झाला. मामाला वाटलं, बोललो ते जास्तच झालं. मामीला सांगितलं, तर मामी म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा वाक्य पूर्ण बोललात. बरं झालं."

ठरलेल्या दिवशी तिघं ऐकायला बसले. अक्का येईल की नाही याची मामाला धाकधूक होती, पण आली. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही अशी बाई, साडीची घडी न् घडी जागच्या जागी. मामानं मुकाट्यानं कच्चंच गाणं लावलं. ओळ आली, पहिला श्वास, दुसरा श्वास. छोटीनं आईचा हात धरला.

"आई, वाईट वाटून घेऊ नकोस. या वयात सगळ्यांचाच दम—"

"बंद कर ते," अक्का मामाला म्हणाली. गाणं बंद झालं. "छोटे, मी ती ओळ एका दमात कधीच गायले नाही. तेव्हाही नाही. यानं जोडली."

छोटी हसली. "माझी समजूत काढतेस?"

"विचार त्याला."

छोटीनं मामाकडं पाहिलं. मामानं मान हलवली. त्यापेक्षा जमीन दुभंगली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"म्हणजे दोघांनाही माहीत होतं." छोटी उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी डॉक्टरकडं गेले होते. फुफ्फुसांचे फोटो काढून आणले. ते म्हणाले, सगळं ठीक आहे, आणि मी रडत घरी आले, कारण काही बिघडलं असतं तर निदान कारण तरी मिळालं असतं. तुम्ही दोघं त्या दिवशी जेवायला होतात. मला म्हणालात, फोटो चांगले आलेत ना, मग झालं तर."

अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"मीही ती ओळ करून बघायचे," अक्का म्हणाली. "न्हाणीघरात, नळ सोडून. तू झोपल्यावर. एकदाही जमलं नाही. आणि बाहेर येऊन तुला सांगायचे, होईल सरावानं. कोणत्या तोंडानं सांगायचे, मलाच माहीत नाही."

छोटी दाराकडं निघाली होती, ती थांबली. "पण तेव्हा तर तू तरुण होतीस. एवढा काय दम लागत होता, की ओळ जोडावी लागली?"

अक्कानं तिच्याकडं पाहिलं. इतका वेळ ताठ असलेले तिचे खांदे सैल पडले.

"आठवा महिना होता मला. तू पाय वर करून इथं, बरगडीखाली, ठाण मांडून बसलेलीस. श्वास घ्यायला जागा कुठं ठेवली होतीस तू? संगीतकार म्हणत होता, बाळंतपणानंतर करू. मीच म्हटलं, नाही, आत्ताच. त्या दिवशी मला फार गावंसं वाटत होतं."

छोटीच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं आणि अर्ध्यात त्याचं रडू झालं. ती आतल्या खोलीत गेली आणि जाड दार लावून घेतलं. काचेतून तिची पाठ तेवढी दिसत होती, पियानोसमोर, वाकलेली.

"आता ती बोलायची नाही माझ्याशी," अक्का म्हणाली.

"मीही नसतो बोललो," मामा म्हणाला. खोटं बोलून धीर द्यायची त्याची इच्छा नव्हती.

मग आत पियानो वाजला. छोटी गायला लागली. बंद पडलेल्या घराचं दार उघडावं तसा सुरुवातीला आवाज अडला, खरखरला, मग मोकळा झाला. मामानं रेकॉर्डिंग सुरू केलं नाही. तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला. ओळ आली. छोटीनं ती उचलली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ओळीच्या मध्ये श्वास घेतला. ओळ पुढं गेली. दुसरा श्वास मात्र तिनं पुढं ढकलला, जुन्या सवयीनं नेटानं ओढत राहिली, आणि शेवटाला आवाज फाटला. तिनं पियानोवरचे हात काढून घेतले.

अक्का खुर्चीतून उठली. "आत बोलायचं बटण कुठलं रे?"

मामानं दाखवलं. अक्कानं ते बोटानं दाबून धरलं आणि काचेजवळ तोंड नेलं.

"छोटे, दुसरा श्वास आधी घे. मी जरा आधीच घेतला होता. दम संपेपर्यंत थांबू नकोस."